सुताराचे दोन ठोके

मिस्त्री गेल्यानंतर त्यांच्या बंद कार्यशाळेतून सकाळी दोन ठोके ऐकू येऊ लागले.

कार्यशाळेला बाहेरून कुलूप होते. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला होती.

यातले काहीही रचलेले नाही. ज्यांच्या घरात हे घडले त्या बाई, मिस्त्रींच्या पत्नी, महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवत. ऐकीव गोष्टीला त्या पुरावा मानत नसत, आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या गोष्टीलाही सहजासहजी नाही. म्हणूनच त्यांनी जे ऐकले ते जसेच्या तसे सांगायला हवे.

थंडी सरत आली होती. सकाळ स्वच्छ होती. बाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या.

स्वयंपाकघर आणि कार्यशाळा यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांची भिंत होती. मिस्त्रींनीच ठोकलेली. काम करता करता त्यांना चहाची तल्लफ आली की ते या भिंतीवर दोनदा वाजवत. एक आवाज म्हणजे हातोडी पडली. खूप आवाज म्हणजे खिळा. दोन म्हणजे चहा. पलीकडून बाई ओरडत, "आणते हो!" संसार असाच चालला होता. बोलणे कमी, ठोके नेमके.

आणि त्या सकाळी, भिंतीतून...

टक्-टक्.

बाईंचा हात दुसऱ्या कपाकडे गेला.

मग थांबला.

कार्यशाळेचे कुलूप त्यांनी उघडले. आत कोणी नव्हते. रंधे ओळीने मांडलेले. फरशीवर धुळीचा पातळ थर, आणि त्यावर एकही पाऊल नाही. लाकडाचा वास मात्र तसाच होता... जणू कोणी आत्ताच रंधा खाली ठेवून उठले असावे.

बाईंनी कुलूप लावले आणि त्या कॉलेजला गेल्या. उंदीर असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. उंदीर ठरलेले अंतर राखून दोनदाच का वाजवेल, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारले नाही.

*

इथे मिस्त्रींच्या वेडाबद्दल सांगितले पाहिजे.

व्यवसायाने सुतार, आणि छंद सुतार पक्ष्यांचा. गावातल्या पक्षीमित्रांच्या मंडळात ते एकटेच हाताने काम करणारे. बाकी सगळे दुर्बिणीने काम करणारे, असे ते म्हणत. नदीपलीकडच्या जंगलात पूर्वी मोठा काळा सुतार पक्षी होता. त्याची ओळख म्हणजे खोडावर चोचीचे दोनच ठोके, लागोपाठ, आणि मग शांतता. कित्येक वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता. तो संपला, असे बहुतेकांनी धरले होते.

मग एका पहाटे तो मिस्त्रींना दिसला.

एकटे होते. छायाचित्र नाही, साक्षीदार नाही.

"सुताराला सुतार दिसला!" मंडळातले पोस्टमास्तर भर सभेत म्हणाले होते. "मला उद्या कबूतर चिठ्ठी घेऊन येताना दिसेल. लिहून घ्याल का?"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी बाईंना विचारले, "तुझा तरी विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर आहे," बाई म्हणाल्या. "पक्ष्यावर नाही."

"म्हणजे निम्मा."

"निम्म्याहून जास्त."

पुढे मंडळाने जंगलात आवाज टिपणारी यंत्रे लावायचे ठरवले. यंत्रांना पावसापासून आणि खारींपासून जपण्यासाठी लाकडी पेट्या मिस्त्रींनी केल्या, स्वतःहून, विनामूल्य. पावसाळ्याच्या शेवटाला शेवटच्या दोन पेट्या झाल्या. त्यातली एक जंगलात गेली. दुसरी जादा म्हणून राहिली.

हिवाळा लागता लागता मिस्त्री जिन्यात पडले. तपासणीत डोक्यात गाठ निघाली, मोठी. दवाखान्यातल्या तज्ज्ञांनी विचारले, "आधी काहीच जाणवलं नव्हतं? हात थरथरणं, वस्तू सुटणं? थोडं आधी आला असतात तर..."

बाईंनी ठामपणे सांगितले होते, "अहो, सुतार आहेत ते. केसाएवढी चूक त्यांना डोळे मिटून कळते. हात थरथरला असता तर पहिलं त्यांनाच कळलं असतं."

मिस्त्री शेजारी बसले होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

काही आठवड्यांतच ते गेले.

*

ठोके ऐकू येऊ लागल्याला थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी दातांचे डॉक्टर दारात उभे राहिले. हे मंडळाचे अध्यक्ष, मिस्त्रींचे जवळचे मित्र, आणि मोठा काळा सुतार जिवंत आहे या पक्षाचे म्होरके. धापा टाकत होते.

"वहिनी, बसा. नाही, मीच बसतो. हे ऐका."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. आधी पानांची सळसळ. दूर कुठेतरी कोकीळ. मग...

टक्-टक्.

"जंगलातलं आहे हे, आपल्या यंत्रातलं! एकदा नाही, कितीतरी सकाळी! मिस्त्री खरं बोलत होते, वहिनी. ते असायला हवे होते आज..."

 त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावले.

टक्-टक्, फोन म्हणाला.

आणि भिंतीपलीकडून...

टक्-टक्.

डॉक्टरांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"वहिनी... आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कुलूप?"

"बाहेरून आहे."

दोघेही बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा काही वाजले नाही. चहावर साय धरली.

"मिस्त्रीच आहेत हो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्यांनाही कळलंय."

 डॉक्टर गेल्यावर बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक अशास्त्रीय गोष्ट केली. त्या भिंतीजवळ गेल्या आणि बोटाच्या पेराने त्यांनी स्वतः दोनदा वाजवले.

क्षणभर काहीच नाही.

मग... अगदी त्यांच्या हातासमोर, फळीच्या पलीकडे...

टक्-टक्.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. भीती वाटली, असे त्या नंतर सांगत. पण त्याहून जास्त दुसरेच काहीतरी वाटले होते, आणि त्याला त्यांच्या विषयात शब्द नव्हता.

*

मंडळाची सभा वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरली. ध्वनिमुद्रण सगळ्यांनी ऐकले. 

"त्या यंत्राच्या झाडाखाली मी स्वतः तीन पहाटे उभा होतो," पोस्टमास्तर शेवटी म्हणाले. "उन्हं वर येईपर्यंत. यंत्र म्हणतं वाजलं. मी म्हणतो नाही वाजलं. माझे कान अजून शाबूत आहेत."

"पक्षी लाजरा आहे," डॉक्टर म्हणाले.

"माझ्यापुढे लाजतो आणि यंत्रापुढे गातो? नवरी आहे की काय?"

"तुम्हाला मिस्त्री खोटे ठरायलाच हवेत!"

"खोटे कोण म्हणतंय?" पोस्टमास्तरांचा आवाज एकदम उतरला. "डॉक्टर, मी त्यांना हसलो. भर सभेत. ते खरे निघाले तर सगळ्यात आधी मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडेन. पण खरे निघू देत."

मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. ध्वनीचे शिक्षण झालेल्या त्या एकट्याच. त्यांनी लेखी निर्वाळा दिला असता तर मिस्त्रींचे ते जुने दर्शन मंडळाच्या दप्तरात खरे म्हणून नोंदले गेले असते. मेलेल्या माणसाचा शब्द राहिला असता. त्यासाठी एक सही पुरे होती.

"वहिनी," दाराशी डॉक्टर पुटपुटले, "तुम्ही तर घरातही ऐकलंत. अजून काय हवं?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "घरात पक्षी नाही."

*

त्यांनी सगळ्या यंत्रांचे आवाज मागवून घेतले. ठोके फक्त एकाच यंत्रात होते. जवळच्या झाडावरच्या यंत्राला त्यांची गंधवार्ता नव्हती.

दुसरी गोष्ट. ढगाळ सकाळी ठोके नव्हते.

इथे बाईंची लेखणी थांबली. कारण ढगाळ सकाळी घरातली भिंतही गप्प असे. हे त्यांना माहीत होते. त्या सकाळी त्या कान लावून बसत, आणि कॉलेजला उशिरा पोचत.

पक्षी ढगांवर रुसतो, हे एक वेळ समजू शकते. भूत उन्हावर चालते, हे नवीनच होते.

पुढच्या निरभ्र सकाळी बाईंनी कार्यशाळा उघडली, दार आतून लावले आणि त्या मिस्त्रींच्या स्टुलावर बसल्या. भिंतीकडे तोंड करून.

शांतता.

पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा चौकोन आत आला. करवतींवर चढला. पटाशींच्या पात्यांवरून सरकला. भिंतीवरच्या एका फळीवर पोचला. तिथे, खिळ्याला, ती जादा पेटी टांगलेली होती. रोज डोळ्यांसमोर होती, म्हणून कधी दिसली नव्हती.

ऊन पेटीवर चढले. झाकण उजळले.

बाईंनी श्वास रोखून धरला...

टक्-टक्.

"आणते हो!"

हे त्या मोठ्याने बोलल्या होत्या. रिकाम्या कार्यशाळेत आपलाच आवाज ऐकून त्यांना ते कळले. मग कितीतरी वेळ त्यांना स्टुलावरून उठता आले नाही.

उठल्या तेव्हा त्यांनी पेटी खाली काढली.

झाकण दोन खुंट्यांवर बसवलेले होते. उन्हाने झाकण तापून फुगत होते, खुंट्यांना अडत होते, आणि ताण सहन होईनासा झाला की निसटत होते. आधी एका बाजूने, लगेच दुसऱ्या. टक्-टक्. आवाज लहानच. पण मागची फळी ढोलकीच्या कातड्यासारखी वाजे. त्या दिवशी बाईंनी भिंतीवर वाजवले, तेव्हा अडलेले झाकण त्या धक्क्याने सुटले होते. जंगलातल्या पेटीत तर यंत्राचा कान पेटीच्या पोटातच होता. जवळची टिचकी त्याला दूरच्या मोठ्या पक्ष्याएवढी वाटे, आणि झाडाखाली उभ्या पोस्टमास्तरांना काहीच ऐकू येत नसे.

ठोक्यांमधले अंतर मिस्त्रींच्या ठोक्यांएवढेच होते का? बाईंना तसे वाटले होते. पण मिस्त्रींचा भिंतीवरचा ठोका कोणीही कधी मुद्रित केला नव्हता. ताडून बघायला काही नव्हते, आणि आता ते कधीच असणार नव्हते.

एक प्रश्न राहिला. मिस्त्रींच्या बाकीच्या पेट्याही त्याच लाकडाच्या होत्या, त्याच उन्हात होत्या. त्या का वाजल्या नाहीत?

डॉक्टर आणि पोस्टमास्तर दोघांनी मिळून सगळ्या पेट्या जंगलातून उतरवून आणल्या. कार्यशाळेच्या टेबलावर त्या मांडल्या गेल्या. बाईंनी एकेक खुंटी काढून भोके पाहिली. पहिल्या पेट्यांची भोके सरळ, गुळगुळीत, जणू यंत्राने पाडलेली.

मग त्यांनी वाजणाऱ्या दोन पेट्या उघडल्या. पावसाळ्याच्या शेवटाला केलेल्या, शेवटच्या दोन.

बाई वाकून बघत राहिल्या.

"काय झालं, वहिनी?" डॉक्टरांनी विचारले.

बाईंनी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. डॉक्टर दातांचे होते. भोक आणि भराव त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. त्यांनी उजेडात धरून पाहिले, आणि चष्मा काढून ठेवला.

पोस्टमास्तर बाहेर जाऊन उभे राहिले.

बाईंनी मंडळाला निर्वाळा लिहून दिला. तो आवाज मोठ्या काळ्या सुताराचा नाही, असे त्यात आहे. मिस्त्रींना दिसलेला पक्षी खरा होता की नव्हता, याबद्दल त्यात काही नाही, कारण त्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही. खाली सही आहे. कारण म्हणून फक्त एक वाक्य आहे: शेवटच्या दोन पेट्यांच्या खुंट्यांची भोके सदोष.

भिंतीवरची पेटी त्यांनी पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. निरभ्र सकाळी ती अजून वाजते. कशाने वाजते हे त्यांना पूर्ण ठाऊक आहे. तरीही हात दुसऱ्या कपाकडे जातो.

जे निर्वाळ्यात नाही, ते असे. त्या दोन पेट्यांत भोके पाडताना गिरमिट तिरके गेले होते. एकदा नव्हे, भोकामागून भोक. चुकलेली भोके लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवली होती, वरून घासून सारखी केली होती, कोणाच्याही लक्षात येऊ नये अशी, आणि त्याच जागी पुन्हा भोक पाडले होते. हिवाळ्यात तो भराव सुकून सुटला आणि खुंट्या सैल झाल्या. गिरमिट तिरके गेले, कारण हात थरथरत होता. हात थरथरत होता, कारण गाठ तेव्हाच होती. आणि ते, बाई दवाखान्यात म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे, पहिलं मिस्त्रींनाच कळलं होतं.