मांजराचा थेंब

पहिल्या भेटीत ती त्याच्यावर शिंकली. नुसती नाही — अगदी जीव ओतून. ॲलर्जी तपासणीच्या खोलीचं दार तिनं ढकललं, तो, तिथला तंत्रज्ञ, बाहेर येत होता, आणि...

"बसा," चष्मा पुसत तो म्हणाला. "ओळख झालीच आहे."

ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. मागे तिनं माईकमध्ये अशी शिंक दिली, की प्रवासी दचकून समोर दिसेल त्या गाडीत चढले. एक आजोबा भलत्याच गावी पोचले आणि तिथंच रमले. साहेबांनी बजावलं होतं, "कारण शोधा, नाहीतर माईक विसरा."

त्यानं तिच्या हातावर ओळीनं थेंब टाकले. गवताचे पराग, धूळ, बुरशी, मांजर. प्रत्येकातून हलकेच सुई टोचली.

"ज्याची ॲलर्जी, तिथं गांध उठेल. या शेवटच्या थेंबाखाली मात्र सगळ्यांनाच गांध उठणार. तो आमचा साक्षीदार."

दोघं वाट बघत बसले. हात कोरा. साक्षीदारही गप्प.

"ॲलर्जीची गोळी घेतलीत?"

"एकच..."

"मग कातडी खोटंच बोलणार. आठवडाभर गोळी बंद करून या. तोवर सकाळी खिडक्या लावून घ्या, बाहेरून आलात की केस धुवा."

"आणि रात्री?"

"रात्री झोपा."

इथंच तिचा जीव जडला. काहींना चंद्र लागतो, तिला एवढं पुरलं.

पण पुढच्या खेपेला गळकं नाक घेऊन त्याच्यासमोर जायचं कसं? सकाळी तिनं गुपचूप गोळी गिळली. साक्षीदार पुन्हा गप्प.

"परत?"

"विसरले," ती म्हणाली. कातडीसारखंच खोटं.

घरी आत्यानं कपाळाला हात लावला. "अगं, नाक गळणाऱ्या पोरी नको असत्या, तर त्यानं ती नोकरी कशाला धरली असती?"

तिसऱ्या खेपेला ती खरीखुरी गेली. डोळे लाल, नाक त्याहून लाल, पर्समध्ये फक्त रुमाल.

"मागच्या वेळी विसरले नव्हते," तिनं दारातच सांगून टाकलं. "मुद्दाम घेतली होती. तुमच्यासमोर... जरा बरी दिसावी म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. त्याला कसलीच ॲलर्जी नव्हती.

या वेळी साक्षीदार लगेच बोलला. गवत तर बटणाएवढं फुगलं. पण तो गवताकडे बघतच नव्हता. श्वास रोखून दुसऱ्याच थेंबावर डोळे लावून बसला होता.

"काय बघताय?"

"मांजर."

"माझ्या हातावरचं मांजर तुम्हाला का छळतंय?"

"घरी बोका आहे. उशी त्याची, मी कडेला झोपतो. त्याला हाकलणं जमायचं नाही... आणि तुम्हाला घरी बोलवायचं तर..."

दोघं त्या थेंबाकडे बघत राहिले. लग्न ठरवायला बसलेली माणसंही इतकी गंभीर नसतात.

शेवटी त्यानं थेंब टिपला, बोट फिरवलं. कातडी सपाट.

"गवत आहे," तो सरकारी आवाजात म्हणाला. "डॉक्टर हंगामाच्या आधीच औषध सुरू करतील. माईक शाबूत."

"आणि मांजर?"

"मांजर... नाही!"

तिनं घसा खाकरला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. बोक्याच्या घरी जाणारी गाडी रविवारी संध्याकाळी... आ... आ..."

त्यानं चष्मा आधीच काढून ठेवला होता.