काळी चारमधला सा

अनघाला मृणालचा 'सा' आठवायचा तो विहिरीतल्या पाण्यासारखा. भरला पोहरा न हिंदकळता वर यावा आणि काठाशी क्षणभर थांबावा, तसा तो आवाज खर्जाच्या खोलीतून वर यायचा आणि मध्य सप्तकात अलगद टेकायचा. तो ऐकून चाळीस वर्षं झाली होती. मृणाल, तिची थोरली बहीण, मागच्या मार्गशीर्षात गेली. तिचं गाणं मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधीच गेलं होतं.

मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, अनघाचा नवख्यांचा गाण्याचा वर्ग चालायचा. त्या दिवशी सकाळी चटईवर पाचच विद्यार्थी होते. त्यांच्यासमोर दोघी बहिणींचा जुना तंबोरा उभा करण्याऐवजी आडवा, मऊ गादीवर ठेवला होता. त्याच्या भोपळ्याला बोटभर रुंदीचं भोक पाडलं होतं आणि त्यातून एक बारीक नळी आत गेली होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला मृणालची मुलगी ओवी बसली होती. गाणं सोडलेल्या बाईने मुलीचं नाव ओवी ठेवलं, याचं गावाला नवल वाटलं होतं.

ओवी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. यंत्राचं नाव थरवाचक. वाळलेल्या भोपळ्याच्या आतल्या बाजूला कापसासारखे तंतू असतात, ते प्रत्येक सुराबरोबर थरथरतात आणि किंचित वेगळे बसतात, हे तिने विद्यार्थ्यांना सांगितलं. नदीच्या गाळाचे थर साचतात तसे हे नादाचे थर. जुना खाली, नवा वर. यंत्र एकेक थर प्रकाशाने वाचतं आणि त्यातला आवाज पुन्हा उभा करतं. फक्त वाचलेला थर जळून जातो. एक थर, एकदाच.

"आन् सगळे थर जळाल्यावर तंबोरा वाजंल का?" धोंडीराम माळींनी विचारलं. ते एसटीचे निवृत्त कंडक्टर होते.

ओवीने मावशीकडे पाहिलं. वाजेल, पण त्यातली आस, सुरामागे रेंगाळणारा नाद, जाईल, असं अनघाने सांगितलं. आठ महिने ती अशीच कारणं देऊन हे वाचन पुढे ढकलत आली होती. भोपळा जुना आहे, वर्ग बंद पडेल, गणपती होऊन जाऊ देत. शेवटी ओवी फोनवर एवढंच म्हणाली होती, की आईचा आवाज तिला फक्त 'जेवलीस का' विचारणारा माहीत आहे. त्यावर अनघाने तिला यंत्र घेऊन ये म्हटलं होतं.

यंत्र तापेपर्यंत तिने धडा घेतला. हातांना काहीतरी काम हवं होतं. मागच्या वेळची सप्तकं कोणाला आठवतात, तिने विचारलं.

"एसटीसारखंच की, बाई," धोंडीराम म्हणाले. "मंद्र म्हंजे डेपो, मध्य म्हंजे गाव आन् तार म्हंजे घाट. घाटात गाडी कुणाची बी गरम हुती."

सगळे हसले. अनघाही हसली, आणि मग तिने पट्टी समजावली. पट्टी म्हणजे तुमचा 'सा' राहतो ते घर. पेटीवरची कुणाची पांढरी, कुणाची काळी. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात नाटकातले पुरुषसुद्धा उंच पट्टीत गायचे, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून. पण ज्याचं त्याचं घर वेगळं. दुसऱ्याच्या घरात राहायला गेलात तर ओसरीवर काही कळत नाही, जिना चढताना कळतं. आणि मैफलीत ते घर ठरवतो तंबोरा. पेटीवाला, तबलजी, सगळे त्याच्याशी मिळवून घेतात. तंबोरा लावणाऱ्याला कुणी पुन्हा विचारत नाही.

बोलता बोलता तिचा हात गळ्यातल्या साखळीशी गेला आणि तिथेच राहिला.

"बाकी क्लासात पहिला राग भूप शिकवत्यात," धोंडीराम पुटपुटले. "आपल्यातच का न्हाई?"

तेवढ्यात यंत्र सुरू झालं.

वरचे थर भराभर जळत गेले. धोंडीरामांचा पहिल्या दिवसाचा 'सा' आला, तेव्हा गाडी मागे घेताना वाजते तसा आवाज ऐकून ते स्वतःच ओशाळले. मग मागच्या वर्षांचे, मग त्याआधीचे. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेले एक तलाठी, चुकत चुकत चढलेले कितीतरी आरोह. ओवी पडद्यावर वर्षं मोजत होती. अनघा मोजत नव्हती. कुठला थर येणार, हे तिला ठाऊक होतं. त्या थरानंतर मृणाल या तंबोऱ्याजवळ कधीच बसली नव्हती.

आधी तारांचा झंकार आला. मग एका तरुण मुलीचा बोलण्याचा आवाज, सर्दीने जरासा जड.

"अने, तंबोरा चढलाय का गं थोडा?"

आणि दुसरा, त्याहून कोवळा आवाज. "नाही. घाबरलीयेस म्हणून तसं वाटतंय."

ओवीने मावशीचा हात धरला. "ही तू?"

अनघाने मान डोलावली.

मग भूप सुरू झाला. तो 'सा' आला. पाणी काठाशी आलं, पण आज ते किंचित हिंदकळत होतं. आलाप झाला, बंदिश झाली. आवाज तार सप्तकात शिरला, पंचमाकडे गेला, आणि तिथे फुटला. एक कोरडी चीर. पुन्हा प्रयत्न, पुन्हा चीर. मग नुसता तंबोरा, चार तारा, कुणासाठी नाही असा वाजत राहिलेला.

ओवीने यंत्र थांबवलं. घरी कुणी गायचा आग्रह केला की आई म्हणायची, माझा घसाच कच्चा आहे बाई, ऐन वेळी घाबरते मी. ओवीला तो नेहमी विनय वाटला होता. आता तिला वाटलं, आई खरंच सांगत होती.

"पुरे, मावशी," ती म्हणाली. "उगाच उकरलं मी. तिला लपवायचं होतं ते राहू दे." आणि तिने नळी गुंडाळायला घेतली.

पडद्यावर सुराच्या कंपनांचा आकडा अजून दिसत होता. पण तो आकडा मृणालच्या घरचा की शेजारच्या घरचा, हे त्या खोलीत एकीलाच ठाऊक होतं. थर जळून गेला होता. ते दोन ओळींचं बोलणं पुन्हा कुठलंही यंत्र उभं करू शकणार नव्हतं. चाळीस वर्षं अनघा या तंबोऱ्याला भ्याली होती, आणि तंबोऱ्याने साक्ष देऊनही कुणाला काही कळलं नव्हतं. आताही ती गप्प राहिली असती तर ओवी दिवाळीला आली असती, तिच्या हातचे अनारसे खाऊन गेली असती. जगात अनघाला दुसरं कुणी नव्हतं.

खाली, न वाचलेल्या थरांत, दहा वर्षांची मृणाल होती. परकराचा ओचा खोचून पलटे घोटणारी, ओळीमागून ओळ ओवत जाणारी. तिथवर कुणी जाणार नव्हतं.

धोंडीराम उठून ओवीजवळ आले. घाटात गाडी बंद पडली म्हणून गाडी वाईट नसते, असं काहीतरी ते तिला समजावू लागले.

"धोंडीराम, बसा," अनघा म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता. मग ती ओवीकडे वळली आणि तिने नळीवरचा तिचा हात बाजूला केला.

"ओवी, तुझ्या आईची पट्टी काळी चार. हा थर पांढरी सहामध्ये आहे. पेटीवर शेजारचीच, एक पायरी वर. गुरुजींकडे राहून शिकायला एकच जागा होती, आणि आम्ही दोघी होतो. निवडीच्या दिवशी सकाळी सगळे यायच्या आधी खुंट्या पिळून तंबोरा मी चढवला. पेटीवाल्याने विचारलं, आज पांढरी सहा? मी हो म्हणाले. जागा तिसऱ्याच मुलीला मिळाली. तुझ्या आईचा घसा कच्चा नव्हता गं. ती घाबरलीही नव्हती. तिने मला बरोबर विचारलं होतं, आणि मी खोटं बोलले. तिने शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला नाही. आता खालचे थर वाच. तिथे ती तिच्या घरात आहे. ते ऐकून झाल्यावर मला मावशी म्हणशील का?"