हृदयाच्या तुकड्याचं उष्टावण

साखरेच्या पाण्यात अखंड बुडालेला असूनही तो तुकडा दमत होता. शर्वाणीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

कोयनेच्या जलाशयाकाठी, धुक्यातल्या एका टेकडीवर तिच्या मृदुलाआत्याची प्रयोगशाळा होती. सगळे तिला 'ऊतीबाग' म्हणत, कारण तिथे माणसाच्या शरीरातल्या ऊती (एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचे थर) रोपांसारख्या वाढवल्या जात. आजोबांच्या त्वचेतल्या पेशींपासून आत्याने हृदयाच्या स्नायूचा हा तुकडा वाढवला होता. चाफ्याच्या पाकळीएवढा. काचेच्या बशीत तो आपला आपण धडधडायचा आणि प्रत्येक ठोक्याला हिरवा उजळायचा, कारण त्याच्या पेशींत घातलेला रंग कॅल्शियम वाढलं की चमके. धुक्याच्या दिवशी खोलीत तेवढाच उजेड वाटे.

आजोबांच्या हृदयाचा एक भाग मागच्या वर्षी निकामी झाला होता. तिथे हा तुकडा शिवायचा होता. पण जरा जास्त काम दिलं की तो भराभर, उथळ धडधडू लागे आणि थकून जाई.

"इतकी साखर मिळते, तरी दमतो कसा?" शर्वाणीने विचारलं.

आजोबा खिडकीपाशी बसले होते. एके काळी ते इथेच संशोधन करत. आता चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना टेकावं लागे.

"तांदूळ म्हणजे भात नव्हे, शरू," ते म्हणाले. "शिजवावा लागतो. तशीच पेशी साखर किंवा मेद फोडते आणि त्यातून एटीपी (ऊर्जा पोचवणारा रेणू) बनवते. स्नायूला चालतं ते एटीपी."

"मग भरपूर एटीपी साठवून का नाही ठेवत?"

"फारसं साठवताच येत नाही. माझ्या हृदयात या क्षणी जेवढं आहे, ते थोड्याच ठोक्यांत संपेल. म्हणून ते सतत बनत राहतं. आत्ता आपण बोलतोय तेव्हाही, आणि झोपेतसुद्धा."

शर्वाणीने नकळत छातीवर हात ठेवला. "कुठे बनतं?"

"मुख्यतः तंतुकणिकांमध्ये (पेशीच्या आतली ऊर्जा बनवणारी चिमुकली केंद्रं). त्या प्राणवायूच्या मदतीने मेद आणि साखर जाळतात. ज्वाळा नाही, धूर नाही. मोठ्या माणसाच्या हृदयाच्या पेशीत जवळजवळ तिसरा हिस्सा जागा त्यांचीच असते."

"या तुकड्यात त्या अजून थोड्याच आहेत," आत्या म्हणाली. "हा पोटातल्या बाळासारखा आहे. पोटात असताना बाळाचं हृदय बरंचसं साखरेवर चालतं. जन्मल्यावर त्याला दूध मिळतं, दुधात मेद असतो. मग हृदय हळूहळू मेद वापरायला शिकतं. तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा मेदातून दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. मोठ्यांचं हृदय बहुतेक त्यावरच चालतं."

"म्हणजे आज याचं उष्टावण (बाळाला पहिल्यांदा अन्न भरवणं)," आजोबा म्हणाले.

आत्या हसली नाही. "पेललं तर. तंतुकणिका कमी पडल्या, तर मेद जळणार नाही, पेशींत साचत जाईल. तुकडा मरेलसुद्धा." दुसरा वाढेपर्यंत आजोबांना थांबता येईल, याची खात्री नव्हती.

तिने बशीतली साखर थोडी कमी केली आणि मेदाचे सूक्ष्म कण सोडले. मग रोज थोडे अधिक. शर्वाणी शाळा सुटली की येऊन बशीपाशी बसे. हिरवा उजेड उमलायचा, मिटायचा. पाहता पाहता तिला वाटे, आपण पाण्याखाली एखाद्या शांत प्राण्याशेजारी बसलो आहोत.

"आवळायला ऊर्जा लागते ते कळलं," ती एकदा म्हणाली. "पण सैल व्हायला तर काही लागत नसेल ना?"

"लागते," आत्या म्हणाली. "पेशीत कॅल्शियम पसरलं की स्नायूचे धागे एकमेकांना ओढतात. सैल व्हायचं तर ते सगळं कॅल्शियम उपसून परत कोठीत भरावं लागतं. ते उपसायला एटीपी हवं. दमलेल्या स्नायूला नीट सैलही होता येत नाही."

काही दिवसांनी ठोके मंदावले. दोन ठोक्यांमधली शांतता लांबत गेली. आत्याचा चेहरा उतरला. साखर पुन्हा वाढवायला तिने हात पुढे केला.

"आत्या, थांब," शर्वाणी म्हणाली. "उजेड बघ. आधी मध्येमध्येसुद्धा थोडा हिरवा उरायचा. आता पूर्ण विझतोय. म्हणजे कॅल्शियम सगळं उपसलं जातंय ना? मग हा दमलेला कसा असेल?"

आत्या वाकून पाहत राहिली. मग तिने तुकड्याची ओढ मोजणारी तार जोडली. ठोके कमी झाले होते, पण प्रत्येक ठोक्याची ओढ आधीपेक्षा कितीतरी जास्त होती.

"दमला नाहीये," ती हळूच म्हणाली. "मोठा झालाय."

आजोबा खिडकीपासून उठून बशीपाशी आले आणि तुकड्याचे ठोके मोजू लागले.

शस्त्रक्रिया झाली. नव्या तुकड्याला रक्त मिळालं, आणि काही आठवड्यांत तो जुन्या हृदयाच्या तालात धडधडू लागला. ऊतीबागेत आता आणखी बशा मांडल्या होत्या; एक साताऱ्याच्या एका मुलीसाठी, एक कुणा नावाड्यासाठी.

धुकं निवळलेल्या एका सकाळी आजोबा आणि शर्वाणी टेकडी चढून गेले. वाटेत ते दोनदा थांबले, पण बसले नाहीत. माथ्यावरून पाणी दूरवर निळं पसरलेलं दिसत होतं.

"चल, उतरू या," आजोबा म्हणाले. "भूक लागली."

"तुम्हाला, की त्याला?"

आजोबांनी छातीवर तळहात ठेवून क्षणभर ऐकलं.

"दोघांनाही," ते म्हणाले.