शांत बसण्याची स्पर्धा

मिठागरात वाढलेला माणूस मिठाची शपथ खोटी घेत नाही. म्हणून मिठाची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी आहे. त्या संध्याकाळी मी त्या हॉलमध्ये एकटा होतो. म्हणजे एकटा नव्हतो, तेच तर सांगायचं आहे. आणि संध्याकाळही नव्हती. पावणेपाच वाजले होते, बाहेर चांगलं ऊन होतं. तेव्हा ते शेवटच्या शब्दापर्यंतचं जरा सैल धरा. एक तुकडा माझ्या पदरचा आहे. कोणता ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितला तर तुम्ही तेवढाच वगळून बाकीचं खरं मानाल, आणि आज रात्री तुम्हाला दिवा मालवून झोपायचं आहे.

मी रघू. पेणच्या पलीकडे खाडीकाठी आमचं गाव. बापाने जन्मभर मीठ पिकवलं, मी दोन टेम्पो चालवतो. गोष्टी सांगण्यात मात्र माझा हात कोणी धरू शकत नाही. वडखळ नाक्यावर मी चहाला बसलो की प्रवासी आपली एसटी सोडतात. कार्ल्याच्या खिंडीत बिबट्याला लिफ्ट दिली होती, तो उतरताना दार नीट लावून गेला, ही माझीच गोष्ट. लोक अजून मागून घेतात.

तर मार्च महिना होता आणि काम साधं होतं. नवी मुंबईच्या एका संस्थेने मेंदूचं फिरतं प्रदर्शन काढलं होतं, 'डोक्याच्या आत' नावाचं. नागावच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आठ दिवस लागलं होतं, आता पुढचा मुक्काम म्हसळा. सामान उचलायचं भाडं मला मिळालं ते रुचिकामुळे. ती तिथे मार्गदर्शक होती, निळा कोट घालून मुलांना माहिती द्यायची. रुचिका म्हणजे माझ्या सदूची पोर. सदू आणि मी एका चिखलात लोळून मोठे झालो. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हा ही चार वर्षांची होती.

मी चारलाच पोचलो. दारातच तिने अडवलं.

"रघूकाका, लवकर आलास. अजून दोन बॅच हायत शाळेच्या."

"मग मी काय करू?"

"मेंदू बघ. तुझ्याकडे हाय का न्हाय ते कळेल."

आत गेलो. नवरानवरी बसतात त्या स्टेजवर खोलीएवढा मेंदू उभा केलेला, त्यात पोरं रांगत शिरत होती आणि जिथे हात लावतील तो भाग लाल होत होता. खिडक्यांना काळी कापडं लावल्यामुळे भर दुपारी आत तिन्हीसांजा. कुठूनतरी एकसारखा ठोका येत होता, हृदयाचा असावा. एका टेबलावर वासाचे डबे: लवंग, फिनेल, खोबरेल, नवं पुस्तक. झाकण उघडून हुंगायचं आणि काय आठवतं ते कागदावर लिहायचं. मी चारही हुंगले. मला काही आठवलं नाही. पण पाय एका जागी ठरेनात. या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून पुन्हा दाराकडे, असं माझं चाललं होतं.

तेवढ्यात रुचिकाचा आवाज आला. पार्टिशनपलीकडे ती पोरांना जाड काचांचे चष्मे देत होती. ते लावले की दारू प्यायल्यासारखं दिसतं. पोरं सरळ रेषेवरून चालायला जायची आणि हेलपाटायची, हशा पिकायचा. हशा ओसरला तशी ती म्हणाली, "हसा. पण दारू पहिल्यांदा मेंदूचा तोल घालवते. माझे बाबा बांधावर राखणीला बसले होते. पिऊन बसले. बांध फुटला ते त्यांना कळलंही न्हाय."

पोरांनी चष्मे काढले. तिने हे सवयीने सांगितलं, जसं आपण पत्ता सांगतो. नंतर कळलं, प्रत्येक बॅचला सांगते. दिवसातून सहा वेळा.

आता खरं काय ते ऐका, कारण हे जगात मी सोडून कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती दुपारी बारा-एकला चढते. समुद्राचं पाणी भाताच्या शेतात येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो, आणि बांधात लाकडी दाराची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची वाट. भरतीच्या वेळी त्या उघाडीपाशी एक माणूस पाळीने बसतो. पाझर दिसला की चिखल थापायचा, आवरेनासं झालं की गावाला हाक द्यायची. रीत एकच. पाळीवरचा माणूस आपणहून उठत नाही. दुसरा येतो, त्याच्या शेजारी मांडी घालतो, "बसलो" म्हणतो, तेव्हाच पहिला उठतो. मग बांध जावो नाहीतर जग.

त्या दिवशी सकाळची पाळी सदूची होती आणि अकरापासून माझी. अकरा वाजता मी वडखळ नाक्यावर गोष्ट सांगत होतो. लोक हसत होते. अजून एक सांग म्हणाले, मी अजून एक सांगितली. सदू माझी वाट बघत बसून राहिला. साडेबाराला बांध फुटला. तो दोन दिवसांनी खारफुटीत सापडला.

गाव विचारायला आलं तेव्हा मी म्हणालो, "मी गेलो होतो अकराला. त्यानेच परत लावून दिलं मला. बाटली होती त्याच्याकडे. म्हणाला, जा, मी बसतो." सदूने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण गोष्ट सांगायला माझ्यासारखा दुसरा नव्हता. त्याची बायको कमळवहिनी, तिनेसुद्धा विश्वास ठेवला. त्या घरात सदूचा फोटो भिंतीवर नाही. ट्रंकेत आहे.

हे डोक्यात घोळत मी त्या टेबलापाशी आलो. लांब टेबल, दोन टोकांना दोन खुर्च्या, मधोमध काचेच्या नळीत पांढरा चेंडू. वर पाटी: शांत बसण्याची स्पर्धा. यंत्र सांभाळणारा प्रज्योत तिथे वायरी गुंडाळत होता, खारघरचा पोरगा.

"बसा ना अंकल. कपाळाला पट्टी लावायची. ज्याचा मेंदू जास्त शांत, तो चेंडूला समोरच्याकडे ढकलतो. हात लावायचा नाही."

"समोर कोण?"

"मी आलोच, वरचा प्रोजेक्टर उतरवतो." आणि तो शिडी घेऊन स्टेजच्या मागे गेला.

मी बसलो आणि पट्टी लावली. समोरची खुर्ची रिकामी होती, तिची पट्टी टेबलावर पडलेली. टेबलाच्या पडद्यावर अक्षरं आली: दुसऱ्या खेळाडूने पट्टी लावावी. खाली माझ्या मेंदूची हिरवी रेघ. कापलेल्या गवताच्या काड्या उभ्या कराव्यात तशी. वरखाली, वरखाली, एक क्षण सरळ नाही.

मग वास आला. मी डब्यांकडे पाहिलं. चारही झाकणं बंद होती. हा वास डब्यात भरून मिळत नाही... भरतीच्या आधीचा खारा चिखल, त्यात विडी. आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. नळाचं नव्हे. जुन्या लाकडाच्या फटीतून येतं तसं, थांबून थांबून.

पडद्यावरची अक्षरं बदलली. दोन्ही खेळाडू तयार.

समोरची पट्टी टेबलावर नव्हती. ती हवेत, बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर होती असं सांगितलं तर गोष्ट रंगेल. पण तसं नव्हतं. ती कुठेच नव्हती.

पडद्यावर दुसरी रेघ उमटली, निळी. मेलेल्या माणसाची रेघ सपाट असते म्हणतात. ही नव्हती. सावकाश चढायची, वर जाऊन थबकायची, सावकाश उतरायची. मी ती चाल ओळखतो. खाडीकाठच्या कोणालाही विचारा.

चेंडू हलला आणि माझ्याकडे यायला लागला. घाई नाही, थांबणं नाही. मी श्वास आवरला, डोळे मिटले, शंभरपासून उलटे आकडे मोजले. डोळे उघडले तेव्हा चेंडू माझ्या टोकापासून बोटभर अंतरावर थांबला होता. आणखी बोटभर आला असता तर मी हरलो असतो, खेळ संपला असता. तो संपवत नव्हता. समोरचा बसून होता, एवढंच.

"सदू..." मी म्हणालो. आवाज फुटला की नाही, ठाऊक नाही.

उठायचं होतं. मी टेबलाची कड धरली. त्या काळोखात मला एकच सुचत होतं, की त्याच्या शेजारी जाऊन एक शब्द बोललो तर हा उठेल. एकच शब्द. तो जिभेवर येत नव्हता.

पार्टिशनपलीकडे शेवटची बॅच आली होती. पुन्हा चष्मे, पुन्हा हेलपाटणं, हशा. मग रुचिका म्हणाली, "हसा. पण दारू पहिल्यांदा मेंदूचा तोल घालवते. माझे बाबा बांधावर राखणीला बसले होते. पिऊन बसले..."

निळी रेघ तुटली.

मी ती तुटताना पाहिली. चढती लाट मधेच चिरली आणि तिचे काटे झाले, पडद्याच्या कडेपर्यंत गेले. चेंडू माझ्यापासून सुटला आणि रिकाम्या खुर्चीच्या टोकाला खाडकन आपटला. परत आला, पुन्हा आपटला. वीस वर्षं हूं की चूं न करता बसलेला माणूस पोरीच्या तोंडून ते ऐकत होता.

आणि त्याच वेळी मी माझी रेघ पाहिली. ती शांत होती. सरळ, हिरवी, झोपलेल्या माणसासारखी. इतका वेळ गवतासारखी नाचत होती, आणि नेमकं ते वाक्य ऐकताना तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. मी जिंकलो होतो.

कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली आणि दाराकडे पळालो. रुचिका पोरांना चपला घालायला सांगत होती.

"काय रे काका, भूत बघितलंस का आपल्या डोक्यात?"

मी तिला बाहेर नेलं, टेम्पोच्या सावलीत. आणि सांगितलं. वडखळ नाका, अकरा वाजले होते ते, अजून एक गोष्ट, बाटली नव्हती ती. ती ऐकत राहिली. मला वाटलं मारेल. मारलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे तो प्यायला नव्हता?" मी म्हणालो, "न्हाय. तो माझी वाट बघत होता." तिने तिथूनच आईला फोन लावला. त्या दिवशी वीस वर्षांनी कमळवहिनीने ट्रंक उघडली आणि सदू भिंतीवर आला.

छान झालं ना? वडखळला प्रवाशांना ही गोष्ट नावं बदलून इथपर्यंत सांगतो. एकदा एक म्हातारी रडली.

आता कबूल करतो. माझ्या पदरचा तुकडा हाच, टेम्पोच्या सावलीतला. बाकी सगळं घडलं तसं सांगितलं.

मी बाहेर नेलं नाही तिला. "एसी लागला," म्हणालो, आणि सामान भरायला लागलो. प्रज्योत तेवढा कुरकुरत होता, पडद्यावर "दुसऱ्या खेळाडूने पट्टी काढलेली नाही" असं येत होतं आणि दुसरी पट्टी काही केल्या सापडत नव्हती. शेवटी त्याने वायर उपटली. टेबल मीच टेम्पोत चढवलं, चौघांनी उचलावं एवढं जड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हसळ्याहून रुचिकाचा फोन. टेबल चालू केलं तर खेळ पुन्हा शून्यापासून सुरू झाला नाही, घड्याळ एकोणीस तासांवर होतं आणि पुढे पळत होतं. प्रज्योतने तो आकडा तीनदा पुसून पाहिला. कंपनीचा माणूस आला, तोही दमला. यंत्राच्या लेखी दुसरा खेळाडू अजून बसलेलाच आहे, पहिल्या खेळाडूने परत बसल्याशिवाय हे सुटणार नाही म्हणाला.

आता ते पालीला आहेत. काल तिचा पुन्हा फोन आला. "काका, ये ना. दहा मिनिटं बस नुसता. अडीच महिने झाले, पोरांना ते टेबल खेळताच येत न्हाय."

"टेम्पो गॅरेजला हाय गो," मी म्हणालो. टेम्पो दारात उभा होता.

"बरं. आणि काका, तुझ्या टेम्पोला मागे गळती हाय का? टेबल नेलं तेव्हा ती दुसरी खुर्ची भिजली असेल. रोज सकाळी ओली असते. मी पुसते, पण सुकली की वर पांढरं धरतं. चाखून बघितलं मी. मीठ हाय."