गाणं लावलं की दिवे मिणमिणतात

धामणगाव बढेच्या बाजारात जानरावांचं बॅटरीचं दुकान होतं. त्यांचे गुडघे धरल्यापासून ते घरीच असत, अन् दुकान त्यांची लेक सुवर्णा सांभाळायची. कापूस वेचणीच्या दिवसांतली दुपार होती. एक पांढरी जीप दुकानासमोर आली, चालत नव्हे, ढकलत! मागची अख्खी जागा स्पीकरनं भरलेली.

"काय झालं हो?" सुवर्णानं विचारलं.

"गाता गाता मुकी झाली," ढकलणारा घाम पुसत हसला. तो भागवत, मोताळ्याचा. स्वतःची जीप भाड्यानं चालवायचा.

तिनं बॉनेट उघडलं. "एवढा मोठा अ‍ॅम्प्लिफायर अन् बॅटरी एवढुशी? गाणं लावलं की दिवे मिणमिणत असतीन."

"तुमाले कसं समजलं?"

"मोठी टाका. अन् इंजिन बंद करून गाणे नोका आयकू."

"मोठीचं पाहू मंग... सध्या चार्ज करून द्या."

मग तो येतच राहिला. बॅटरी चार्जिंगला लावायची अन् समोरच्या स्टुलावर बसून राहायचं. एकदा म्हणाला, "तुमच्या ओढणीले चांदण्या पडल्या."

"अ‍ॅसिडचे भोकं हायेत ते."

"मले तं चांदण्याच दिसून राह्यल्या..."

ती कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर लांबून स्पीकरचा धडधडाट ऐकू आला, की तिचा हात आपोआप वेणीवर जायचा. आला नाही, तर दुकान भर बाजारातही सुनं वाटायचं.

एके दिवशी तो आला, पण स्टुलावर बसला नाही. "मोठी बॅटरी द्या. जळगावच्या कंपनीत गाडी लागली. सोमवारपासून तिकडंच."

सुवर्णा फळीपाशी गेली. मधल्या मापाची बॅटरी सहज बसली असती... काही महिन्यांत दमली असती, अन् तो परत आला असता. तिचा हात त्या बॅटरीवर क्षणभर थांबला. पण रात्री-बेरात्री आडरस्त्यावर गाडी बंद पडली तर? तिनं मोठीच उचलली. खालचा ट्रे बदलला, जाड वायर जोडली.

"लावून पाहा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

गाणं घुमलं. दिवे जरासुद्धा हलले नाहीत. भागवतनं गाणं बंद केलं.

"खरं सांगू? मोठी मी पयल्याच दिवशी घेणार होतो. पण मंग इथं यायले कारण काय राह्यलं असतं? इंजिन बंद करून मुद्दाम गाणे वाजवत बसायचो... बॅटरी उतरेपरेंत."

सुवर्णाला हसूही आलं अन् डोळेही भरले. "बॅटरी तं तुमची दुपारीच चार्ज होत होती," ती हळूच म्हणाली. "मीच सांगत नव्हती... संध्याकाळपरेंत."

रस्त्यानं कापसाची गाडी गेली. एक पुंजका उडून बॉनेटवर येऊन पडलं.

"आता काय बहाना करू?" त्यानं विचारलं.

"बहाना कायले? रविवारी घरी या. बाबा घरीच असतात."

तो बघतच राहिला. "आईले... घेऊन येऊ?"

सुवर्णा बॅटरीवर वाकली. आधीच घट्ट बसलेला नट पान्यानं पुन्हा आवळत, मान वर न करता म्हणाली,

"घेऊनच या."