तीन नाकांची पणजी

"गंध! पुन्हा गंध! भिंतीला लावा, दाराला लावा, माझ्या डोक्याला लावा. पण फोटोला कशाला?"

शाल्मली दचकली. ठिपक्याच्या पोटाला कान लावून बसली होती, म्हणूनच तिला ही कुरकुर ऐकू आली. ठिपक्या म्हणजे जुने फोटो दुरुस्त करणारा यंत्रमानव. मंगळावर भाजीचे मळे फुलले त्या वर्षापासून असे यंत्रमानव गावोगाव फिरू लागले होते. मिरजेला आजोबांच्या घरी हा सकाळीच आला होता, आणि आल्या आल्या चहाला नको म्हणून त्यानं नमूआजीचा राग ओढवून घेतला होता.

त्याच्या पोटातल्या काचेवर पणजीचा फोटो पालथा ठेवला होता. घरातला तिचा एकुलता एक फोटो. ती गेली तेव्हा आजोबा चार वर्षांचे होते आणि त्यांची बहीण, ही नमूआजी, पाळण्यात. फोटोत लुगड्याचा काठ दिसायचा, मांडीवर बसलेले गुबगुबीत आजोबा दिसायचे, मागची तुळशीची कुंडीसुद्धा दिसायची. पणजीच्या चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा डाग. कुंडी राहिली आणि चेहरा तेवढा गेला, असं कसं? हे कोडं शाल्मलीला कधीच सुटलं नव्हतं.

"याची काच कधी फुटली?" ठिपक्यानं विचारलं.

"घर बदललं तेव्हा. शाल्मलीचा बाबा शाळेत होता," नमूआजी म्हणाली.

"आणि गंध?"

"दर वर्षी तिथीला लावते. काच गेल्यापासून थेट फोटोवरच. आधी गेल्या वर्षीचं वाळलेलं ओल्या फडक्यानं पुसून काढते. लख्ख! आईच्या बाबतीत हयगय नाही चालत मला."

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. सगळी हयात प्रयोगशाळेत भिंगं घडवण्यात गेलेल्या माणसाला उत्तर केव्हाच कळलं असणार. पण बहिणीला सांगायचं कुणी?

ठिपक्यानं आवाज बारीक केला आणि शाल्मलीपुरतं सांगितलं. "जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा (वाळलेल्या जेलीसारखा) पातळ थर असतो. त्यात चांदीचे बारीक कण अडकलेले असतात. जिथे कण दाट, तिथे काळं. जिथे विरळ, तिथे पांढरं. थर ओला झाला की मऊ पडतो, आणि मग फडक्याबरोबर थोडी थोडी चांदी…"

"निघून जाते! म्हणजे आजी जितकी माया करत गेली, तितका…"

"शू," ठिपक्या म्हणाला. यंत्र असूनही त्याला तेवढं कळत होतं.

"मग आता तू काय करणार?"

"आधी फोटो वाचणार." त्याच्या पोटातून उजेडाची पट्टी सावकाश सरकली. "मी फोटोचे लाखो ठिपके पाडतो. त्यांना म्हणतात चित्रकण (चित्राचा सगळ्यांत छोटा तुकडा). प्रत्येकाचा उजेड मोजायचा आणि त्याला आकडा द्यायचा. काळ्याकुट्टाला शून्य, पांढऱ्याशुभ्राला दोनशे पंचावन्न. आता डागाच्या कडेचे हे दोन शेजारी बघ. एक दोनशे चाळीस, दुसरा दोनशे त्रेचाळीस. तुझ्या डोळ्यांना दोन्ही पांढरेच. मी त्यांच्यातला फरक ताणतो. कुणी कुजबुजावं आणि आपण ते मोठ्यानं ऐकवावं, तसं."

पडद्यावर डागाची कड हलकेच गडद झाली. एक कान उमटला. कानात बुगडी. मग खाली छोट्या आजोबांच्या पोटाभोवती धरलेली पुसट बोटंही ठळक झाली. करंगळी जराशी वाकडी होती. नमूआजीनं पदर तोंडाशी नेला.

"आणि हा चरा?" शाल्मलीनं विचारलं.

"त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे बघून मधले भरायचे. कापडाची वीण बघून रफू करतात ना, तसं. पण चेहऱ्याच्या मधोमध रफूही चालणार नाही. तिथे सगळे आकडे सारखेच आहेत. कुजबुजसुद्धा उरलेली नाही. मी हजारो चेहरे पाहिलेत, त्यांवरून एखादा बेतून देईन. पण तो माझा अंदाज. बरोबर की चूक, हे पणजीला पाहिलेल्या माणसानंच सांगायचं."

सगळे आजोबांकडे वळले. पणजीला पाहिलेलं दुसरं कुणी आता उरलंच नव्हतं. नमूआजी जन्मभर त्यांनाच विचारत आली होती, दादा, आई कशी दिसायची रे? आणि दादानं दर वेळी काहीतरी छान सांगितलं होतं.

पडद्यावर सरळ नाकाची बाई आली.

"हुबेहूब!" आजोबा म्हणाले.

ठिपक्यानं नाकाचा शेंडा जरा वर उचलला.

"हो हो. अशीच."

मग नाक चांगलं फेंदारलं.

"अगदी!"

"आजोबा, तुम्ही तिन्ही नाकांना हो म्हणालात," शाल्मली म्हणाली.

"माझ्या आईचं नाक होतंच तसं. इकडून एक, तिकडून एक."

कुणी हसलं नाही. नमूआजी म्हणाली, "मी चहा टाकते," आणि दारापर्यंत गेली.

"एक सांगू?" ठिपक्या म्हणाला. "पणजी कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात मागे उभी राहिली असेल. लोकांच्या ट्रंकांमधले फोटो मी आणि माझे भाऊबंद रोज वाचतोय. हा कान, ही बुगडी, ही करंगळी, एवढं खरं आहे. एवढ्यावर मी शोधू शकतो. पण माझा अंदाज तुम्ही खरा म्हणून दिलात, तर मी त्या नाकाची बाई शोधत बसेन. खरी पणजी समोर आली तरी तिला सोडून पुढे जाईन."

शाल्मली विचारात पडली. "म्हणजे आपल्याला काय माहीत नाही, तेसुद्धा खरं सांगावं लागतं?"

"ते तर आधी. जागा कोरी ठेवली, तरच कधीतरी तिथे काही सापडेल."

आजोबा पडद्यावरच्या वाकड्या करंगळीकडे बघत राहिले.

"दादा, राहू दे," दारातून नमूआजी म्हणाली. "पहिलं नाक छान आहे. तेच छापू."

"ठिपक्या, तिन्ही नाकं पुसून टाक," आजोबा म्हणाले. मग ते बहिणीकडे वळले. "नमे, मला आईचा चेहरा आठवत नाही. कधीच आठवत नव्हता."