चौकीच्या जंग्या

माझ्या गोष्टींना मी फोडणी देतो, हे अख्ख्या मुलुंडला ठाऊक आहे. ही मात्र बिनफोडणीची.

आमच्या सोसायटीमागच्या डोंगरावर कंपनी सरकारची पडकी चौकी होती. नेपोलियनच्या काळातली. फ्रेंच येतील, पेशव्यांची फौज खाडी ओलांडेल, या धास्तीने सरहद्दीवर बांधलेली. शत्रू कधी आलाच नाही. तिथून एक गोळी सुटली नाही, म्हणे. चौऱ्याऐंशी साली सोसायटीने तिचेच दगड आणून कंपाउंडची भिंत घातली.

पावसाळा सरला आणि भिंतीला एक उभं, चिंचोळं भोक पडलं. गुणाजी गवंड्याने ते बुजवलं. सकाळी पुन्हा उघडं, शेजारी आणखी एक.

"काका, हे उंदराचं काम नाय," गुणाजी म्हणाला. "जंगी आहे ही. किल्ल्याला असते ना, बंदूक लावून, श्वास रोखून नेम धरायला? शिपायाकडं तोंड रुंद, दुश्मनाकडं बारीक."

"मग?"

"बारीक तोंड आपल्याकडं आहे."

"थापा मारायचं खातं माझं आहे रे, गुणाजी!"

तो हसला नाही. त्याने भोकात काठी घातली. काठीचा रोख शेवग्याखालच्या स्टुलावर. दुसऱ्या भोकातूनही तिथेच. त्या स्टुलावर माझी बायको नलिनी रोज दुपारी तांदूळ निवडायची.

"अहो, आता गोष्टीत मलाच मारताय काय?" ती म्हणाली.

मी स्टूल गेटापाशी नेऊन ठेवलं.

सकाळी दोन्ही जंग्या गेटाकडे वळल्या होत्या.

त्याच दिवशी नलिनीला दिंडोशीला तिच्या बहिणीकडे, सुगंधाकडे पोचवलं. तिसरा मजला, नवी कॉलनी, सगळं सिमेंट. चौकीचा दगड औषधालाही नाही.

दुसऱ्या दिवशी आमची भिंत सपाट. गुणाजीने हात फिरवून पाहिला. "गेलं, काका."

मी पेढे घेऊनच दिंडोशी गाठली.

नलिनी पलंगावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. "घर झकास आहे हो सुगंधाचं. फक्त पाठीला वारा लागतो."

"कुठून?"

तिने न वळता मागे बोट केलं.

भिंतीत उभी फट. बारीक तोंड आत.

मी डोळा लावला. पलीकडे ना गच्ची, ना गॅलरी. खाली तीन मजले नुसती हवा.

तरी माझ्या पापणीला कुणाचा तरी ऊन श्वास लागत होता.

मी डोळा काढला नाही. पाठीमागे सुपात तांदूळ सळसळत होते.

मग पलीकडच्याने श्वास रोखला.